इंग्रजी वाचन, संगणक आणि मराठी शाळा

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



तिसरी-चौथीच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला वरचेवर एक दृश्य दिसते. एक मुलगी उभी राहते, पुस्तक डोळ्यांसमोर धरते आणि संपूर्ण पाठ खणखणीत आवाजात, कोठेही न अडखळता म्हणून दाखवते. पालक उपस्थित असतील तर त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. मग बाई चित्रावर तळहात ठेवतात, चौथ्या ओळीतल्या एका शब्दावर बोट टेकवतात आणि विचारतात, “बेटा, हा शब्द कोणता?” मुलगी गप्प होते. क्षणभराने ती ओठांतल्या ओठांत पहिल्या ओळीपासून पाठ म्हणू लागते आणि म्हणता म्हणता बोटाखालच्या शब्दापाशी पोचली, की तो शब्द मोठ्याने उच्चारते.

तिचे उत्तर बरोबर असते. परंतु तिने तो शब्द वाचलेला नसतो. पाठ तिने कानांनी ग्रहण केलेला असतो आणि पुस्तक केवळ हाती धरलेले असते.

ही गोष्ट एका मुलीची नाही आणि एका शाळेचीही नाही. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीच्या 2022 सालच्या अहवालानुसार देशातील ग्रामीण भागात पाचवीच्या 24.5 टक्के मुलांना इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता आली. आठवीत हे प्रमाण 46.7 टक्के होते. म्हणजे आठवी गाठलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले त्या सोप्या वाक्यापाशी थांबलेली होती. शिवाय 2016 च्या पाहणीतील आकडे जवळपास असेच होते. मधल्या काळात घरोघरी स्मार्टफोन आले, शाळांना संगणक मिळाले, भिंतींवर फळ्याऐवजी पडदे लागले. वाचन मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिले.

उतईसारख्या गावातील मराठी शाळेला या आकड्यांकडे तटस्थपणे पाहता येत नाही. येथील मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर हिंदी, अंगणातल्या सवंगड्यांशी छत्तीसगढी, आणि त्याच्या आईवडिलांच्या मनात त्याच्यासाठी इंग्रजीचे स्वप्न असते. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत असताना जी मराठी कुटुंबे या भागात आली, त्यांना मुलांची भाषा टिकावी म्हणून मराठी शाळा हवी होती. त्यांची नातवंडे आज प्रवेशाच्या वयाची झाली आहेत आणि प्रवेशाच्या वेळी पालकांचा पहिला प्रश्न असतो, “इंग्रजीचे काय?” छत्तीसगढ शासनाने 2020 मध्ये स्वामी आत्मानंद यांच्या नावाने शासकीय इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्यापासून हा प्रश्न अधिक थेट विचारला जातो. पूर्वी इंग्रजी माध्यम म्हणजे मोठे शुल्क, हा एक अडसर होता. आता तोही उरला नाही. तेव्हा मराठी शाळेने इंग्रजी वाचन उत्तम शिकवून दाखवणे हा तिच्या अस्तित्वाचाच प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाला बहुतेक शाळा एकच उत्तर पुढे करतात : “आमच्याकडे संगणक कक्ष आहे.”

या उत्तराची परीक्षा करणे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

भारतीय शाळांत संगणक आला तो 1984-85 च्या सुमारास, केंद्र शासनाच्या ‘क्लास’ या प्रकल्पातून. त्या वेळी निवडक शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ नावाची यंत्रे मिळाली. तेव्हापासून बहुतेक शाळांतील संगणक कक्षाची रीत ठरून गेली आहे. चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढायचे, यंत्रांवर कापडी आच्छादने घालायची आणि किल्ली कपाटात ठेवायची. पुष्कळ ठिकाणी त्या आच्छादनांवर भरतकामही असते. यंत्राचा मान राहिला. मात्र यंत्र हा स्वतंत्र विषय झाला आणि इंग्रजीचा तास शेजारच्या खोलीत पूर्वीसारखाच चालू राहिला. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना माऊसच्या भागांची नावे पाठ केल्याचे स्मरत असेल. त्या माऊसने एखादी इंग्रजी गोष्ट उघडून वाचल्याचे किती जणांना स्मरते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

इंग्रजी वाचताना मराठी मुलाला नेमके काय कठीण जाते, हे आधी पाहिले पाहिजे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ आहे. ‘क’ला काना दिला की ‘का’ होतो, तो कोणत्याही शब्दात ‘का’च राहतो. एकदा बाराखडी हाती आली की मूल न ऐकलेला शब्दही वाचू शकते, आणि म्हणूनच मराठी वाचायला शिकलेल्या मुलाला आत्मविश्वास असतो. हेच मूल इंग्रजीकडे वळते तेव्हा त्याला 26 अक्षरे भेटतात, पण उच्चार सुमारे 44. अक्षराचे नाव वेगळे, त्याचा ध्वनी वेगळा. ‘सी-ए-टी’ ही तीन नावे भराभर उच्चारली तर ‘सीएटी’ होते, ‘कॅट’ होत नाही. ‘बी-यू-टी’ बट होते, तर ‘पी-यू-टी’ पुट का? 1975 सालच्या ‘चुपके चुपके’ या चित्रपटात याच तक्रारीवर धर्मेंद्रने सारे प्रेक्षागृह हसवले होते. वर्गातील मुलाला मात्र त्याचे हसू येत नाही. ते मूल नियम शोधत असते, आणि नियम सापडला नाही की पाठांतराकडे वळते. सुरुवातीच्या प्रसंगातील मुलीने आळस केलेला नाही, उलट दुप्पट कष्ट घेतले आहेत.

मराठी मुलाची एक बाजू बळकटही आहे, आणि तिची दखल क्वचितच घेतली जाते. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च सारखा लिहितात, पण सारखा उच्चारत नाहीत. एका अक्षराला दोन ध्वनी असू शकतात हे मराठी मुलाला शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. हिंदीच्या सहवासात येथील मुलांच्या तोंडी हा भेद पुसट होत चालला आहे, ही चिंतेची बाब खरी. पण जी आजी नातवाला ‘चमचा’ नीट म्हणायला लावते, ती नकळत त्याच्या इंग्रजीचीही तयारी करून घेत असते. तसेच मराठीने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे स्वीकारली आहेत. उतईच्या बाजारातील हिंदी पाटीवर ‘बैंक’ असते. मराठी मूल ‘बँक’ लिहिते आणि त्या लेखनात इंग्रजी स्वराच्या अधिक जवळ जाते. बाईंनी फळ्यावर ‘बॅग, हँड, मॅप’ हे शब्द देवनागरीत आणि शेजारी रोमन लिपीत लिहिले, तर मूल आपल्या लिपीच्या आधाराने तो स्वर पकडते.

मग संगणकाचे काम कोणते? ते काम आवाजाचे आहे. इंग्रजी लेखन उच्चार सांगत नाही, म्हणून वाचणाऱ्याच्या शेजारी उच्चार सांगणारे कोणी तरी हवे असते. इंग्रजी ज्या घरात बोलले जाते तेथे ते काम घर करते. येथील मुलाच्या घरी ते होत नाही. वर्गात चाळीस मुलांमागे एक शिक्षिका, आणि तिचे स्वतःचे शिक्षणही मराठीतून किंवा हिंदीतून झालेले. महाराष्ट्र शासनाने 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले तेव्हा सगळ्यांत अधिक तारांबळ उडाली ती शिक्षकांचीच. ज्यांनी स्वतः पाचवीत ‘ए-बी-सी-डी’ला प्रारंभ केला होता, त्यांना सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीत बोलायचे होते.

याच परिस्थितीत ‘प्रथम’ या संस्थेने महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत एक लहानसे यंत्र आणले. त्याचे नाव ‘पिकटॉक’. संगणकाचे हे अगदी धाकटे भावंड होते. चित्रांचे पान यंत्रावर ठेवायचे, हातातली लेखणी चित्राला टेकवायची, की यंत्र त्या वस्तूचे इंग्रजी नाव उच्चारी. त्याच्या जोडीला खेळ आणि चित्रपत्ते होते, ते शिक्षकांनी घ्यायचे. ठाणे आणि रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे या प्रयोगाची पद्धतशीर पारख ली लिंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व 2008 मध्ये निष्कर्ष मांडले. दोन्ही मार्गांनी मुलांचे इंग्रजी सुधारले, यंत्राने आणि शिक्षकांनी घेतलेल्या खेळांनीही. परंतु खरा बोध पुढे आहे. जी मुले आधीच थोडी पुढे होती, त्यांना आपल्या गतीने चालणाऱ्या यंत्राचा अधिक लाभ झाला. जी मागे होती, त्यांना लाभ झाला तो शिक्षकांनी घेतलेल्या उपक्रमांचा.

हा निष्कर्ष प्रत्येक शाळेच्या संगणक कक्षाच्या दारावर लावावा असा आहे. सामान्यतः घडते ते याच्या उलट. मागे पडलेल्या मुलाला “जा, संगणकावर बस” असे सांगून बाई पुढे असलेल्या मुलांना घेऊन पाठ संपवतात. यात दुष्टपणा नसतो. अभ्यासक्रम उरकायचा असतो, एवढेच. पण ज्या मुलाला माणसाची गरज सर्वाधिक, त्यालाच यंत्राच्या स्वाधीन केले जाते आणि ते मूल रंगीत चित्रांवर टिचक्या मारत बसते.

टिचक्यांवरून आणखी एक गोष्ट. शाळेत एका संगणकाभोवती पाच मुले बसतात आणि माऊस एकाच्याच मुठीत असतो. तो बहुधा वर्गातला धीट मुलगा असतो आणि मुली मागून मान उंचावून पाहत राहतात. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातील उदयसिंह पवार, जॉयोजित पाल आणि केंटारो टोयामा यांनी 2006 च्या सुमारास हे पाहिले आणि एकाच संगणकाला अनेक माऊस जोडून पडद्यावर प्रत्येक मुलाला स्वतंत्र बाण दिला. इंग्रजी शब्द शिकवणारे खेळ त्यांनी ग्रामीण शाळांतील मुलांसमोर ठेवले. नवे संगणक घेण्यापेक्षा चार माऊस घेणे किती स्वस्त, हे सांगायला नको. पण ही कल्पना सुचायला आधी मागे उभी असलेली मुलगी दिसावी लागते.

ऐकवणारे यंत्र ही पहिली पायरी झाली. दुसरी पायरी ऐकणाऱ्या यंत्राची. भिलाईकरांना पिट्सबर्ग हे नाव पोलादाचे शहर म्हणून परिचित असेल. त्याच शहरातील कार्नेगी मेलन विद्यापीठात जॅक मॉस्टो यांनी 1990 च्या दशकात मुलाचे प्रकट वाचन ऐकणारा संगणकीय वाचन-शिक्षक तयार केला. मूल मोठ्याने वाचते, यंत्र ऐकते, चुकलेल्या किंवा अडलेल्या शब्दापाशी थांबून मदत करते. पुढे बंगळुरूजवळील अल्प उत्पन्न गटांतील मुलांबरोबरही त्याची चाचणी झाली. ज्या कामासाठी त्या काळी विद्यापीठाची प्रयोगशाळा लागत होती, ते काम आता आईच्या फोनवर होते. गूगलने मार्च 2019 मध्ये भारतात ‘बोलो’ हे ॲप हिंदी व इंग्रजीसाठी आणले, आणि पुढे ते ‘रीड अलाँग’ या नावाने मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध झाले. त्यातील ‘दिया’ नावाची चिमुकली सोबतीण मुलाचे वाचन ऐकते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटचीही आवश्यकता राहत नाही.

या यंत्राची थोरवी एका गुणात आहे. ते हसत नाही. वर्गात चुकलेल्या मुलाला मागच्या बाकावरून खसखस ऐकू येते, आणि त्या खसखशीने जितकी मुले इंग्रजीपासून दूर गेली असतील तितकी व्याकरणानेही गेली नसतील. यंत्रासमोर तोच शब्द सातदा चुकला तरी आठव्यांदा ते त्याच स्वरात ऐकवते. एवढा धीर शिक्षकापाशी नसतो, आईपाशीही नसतो.

उणिवाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. चाळीस मुलांच्या गलक्यात यंत्राला कोणाचा आवाज कोणता हे कळत नाही. खणखणीत आवाजाच्या मुलाला चांदण्या मिळतात आणि हळू बोलणाऱ्या मुलीला “पुन्हा वाच” असे सांगितले जाते. बरोबर उच्चारलेला शब्द यंत्राने नाकारला की मूल स्वतःवर अविश्वास दाखवते, यंत्रावर नाही. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की शब्द बरोबर उच्चारला म्हणजे समजला, असे यंत्र धरून चालते. सुरुवातीच्या प्रसंगातील मुलीला अशा यंत्रासमोर बसवले, तर आठवडाभरात ती तो पाठही कानांनी आत्मसात करून चांदण्या मिळवील.

म्हणून पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीनंतर एक काम माणसाने केलेच पाहिजे. आवाज बंद करून तीच गोष्ट वाचायला लावायची. चित्र झाकायचे. ओळींचा क्रम बदलायचा. गोष्टीतला एखादा शब्द नव्या वाक्यात घालून विचारायचा. आणि शेवटी पुस्तक मिटून म्हणायचे, “आता सांग बरं, गोष्टीत काय झालं? मराठीत सांग.”

‘मराठीत सांग’ हे ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठी पडेल. इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला, असे त्यांना वाटते. इंग्रजी वाक्य बिनचूक वाचणारे मूल जर त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगू शकत नसेल, तर त्याने काही वाचले असे म्हणता येत नाही, आणि हे तपासण्याचा दुसरा मार्ग नाही. सात वर्षांच्या मुलाजवळ विचार करण्याची जी भाषा असते तिच्यातच तो अर्थ पोचतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना माहीत आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालण्याची त्यांची कल्पना महाराष्ट्र शासनाने 2017 मध्ये सर्व पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. वृत्तपत्रांनी क्यूआर कोडचे चित्र छापले. त्याआधी त्यांनी जे केले ते मात्र फारसे बोलले गेले नाही. त्यांच्या शाळेतील मुलांची घरची भाषा कन्नड होती. डिसले गुरुजींनी आधी ती भाषा शिकून घेतली आणि पाठ मुलांच्या भाषेत आणले. क्यूआर कोड त्यानंतरचा आहे.

केवळ यंत्र आणून ठेवल्याने काय होते, याची उदाहरणेही महाराष्ट्रातच आहेत. रायगड जिल्ह्यातील खैराट या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत 2007 मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेतील भारतातला पहिला प्रयोग झाला. वीस-बावीस मुले, हिरवे-पांढरे चिमुकले लॅपटॉप, पाहायला येणारे पाहुणे. मुलांना आनंद झाला, यात शंका नाही. पण ही योजना देशभर कधी पसरली नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 2015 मध्ये अनेक देशांची तुलना करून सांगितले, की शाळांतील संगणकांवर मोठा खर्च करणाऱ्या देशांत मुलांच्या वाचनात त्या प्रमाणात काही सुधारणा दिसून आली नाही. ही श्रीमंत देशांची गोष्ट आहे. उतईच्या शाळेने त्यापासून निराश होण्याऐवजी थोडी सुटका मानावी, कारण यंत्रे कमी असल्याची खंत त्यामुळे हलकी होते.

मराठी शाळांसाठी सर्वांत बोलके उदाहरण फलटणचे आहे. डॉ. मॅक्सिन बर्नसन या जन्माने अमेरिकन. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या फलटणला आल्या, तेथेच राहिल्या आणि भारतीय नागरिक झाल्या. दलित वस्तीतील मुलांना वाचायला शिकवता शिकवता त्यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. ज्या बाईंची स्वतःची मातृभाषा इंग्रजी, त्यांनी शाळा काढली ती मराठी माध्यमाची, हे येथील पालकांनी जरूर लक्षात घ्यावे. संपूर्ण मुळाक्षरे आधी घोकून घेण्याऐवजी थोडी अक्षरे, थोड्या मात्रा आणि त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द, अशी त्यांची वाचनपद्धती आहे. सुगत मित्रा यांना 2013 मध्ये टेड पुरस्कार मिळाला आणि त्यातून ‘स्कूल इन द क्लाउड’ची सात केंद्रे निघाली, पाच भारतात आणि दोन इंग्लंडमध्ये. फलटण हे त्यांपैकी एक होते.

सुगत मित्रा यांचे नाव ऐकले की 1999 मधील दिल्लीच्या कालकाजीतील भिंतीतला संगणक आठवतो. मुले स्वतःच शिकतात, शिक्षक नसला तरी चालते, असा त्या प्रयोगाचा अर्थ अनेकांनी लावला. तो अर्थ पुरता खरा नसावा. पडद्यावरचा इंग्रजी मजकूर चार मुले मिळून वाचतात तेव्हा एकट्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे वाक्यही त्यांना उलगडते, हे निरीक्षण मोलाचे आहे. वर्गात ते कोणालाही पडताळून पाहता येते. परंतु फलटणला ही खोली आली ती वाचनाची वर्षानुवर्षे मशागत झालेल्या शाळेत. जमीन आधी तयार होती.

या केंद्रांशी जोडलेला आणखी एक उपक्रम अधिक जिव्हाळ्याचा आहे. 2009 मध्ये इंग्लंडमधील काही निवृत्त शिक्षिका आणि आज्यांनी स्काईपवरून भारतातील मुलांना गोष्टी वाचून दाखवायला प्रारंभ केला. त्याला ‘ग्रॅनी क्लाउड’ म्हणतात. त्या आज्या शिकवत नाहीत, परीक्षा घेत नाहीत. पुस्तक उघडतात, वाचतात, मुलांचे बोलणे ऐकतात आणि कौतुक करतात. संगणकाचा एवढा माणुसकीचा उपयोग दुसरा क्वचितच सापडेल.

छत्तीसगढलाही असा अनुभव आहे. एप्रिल 2020 मध्ये शाळा बंद असताना राज्यशासनाने ‘पढ़ई तुंहर दुआर’ हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. नेटवर्क पोचेना तेथे शिक्षकांनी लाउडस्पीकर लावले, ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये ध्वनिपाठ दिले. त्याला ‘बुल्टू के बोल’ असे गोड नाव मिळाले. त्या दिवसांत एक गोष्ट उघड झाली, की शिकणाऱ्या मुलासाठी पडद्यापेक्षा आवाज महत्त्वाचा असतो, आणि तो ओळखीच्या माणसाचा असला तर मूल अधिक वेळ थांबते.

घरी पालकांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. फोन घरात आहेच. दिवसातून पंधरा मिनिटे, एक गोष्ट, आणि शेजारी कोणी तरी मोठे माणूस. ‘स्टोरीवीव्हर’वर प्रथम बुक्सने 2015 पासून मोफत गोष्टी ठेवल्या आहेत. त्यांत एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीतही मिळते. आधी मराठीतून वाचावी, मग इंग्रजीतून. गोष्ट ठाऊक असली की मुलाचे सारे लक्ष अक्षरांकडे राहते. ज्या आईला इंग्रजी येत नाही, तिने संकोच करू नये. “काय झालं गोष्टीत? मला सांग, मला नाही कळत इंग्रजी,” असे म्हणणारी आई ही मुलाला मिळू शकणारी सर्वोत्तम परीक्षक आहे, कारण तिला मुलाने खरोखरच समजावून सांगावे लागते.

आता माजी विद्यार्थ्यांविषयी. हीरक महोत्सवाच्या वर्षात शाळेला काही तरी द्यावे अशी इच्छा अनेकांनी व्यक्त केली आहे, आणि बहुतेकांच्या मनात संगणक आहे. त्यापेक्षा शाळेला अन्य गोष्टींची निकड अधिक आहे. एका संगणकाला जोडता येतील असे जादा माऊस. कान झाकणारे हेडफोन, म्हणजे हळू बोलणाऱ्या मुलीला निदान स्वतःच्या यंत्राचा आवाज नीट ऐकू येईल. बिघडलेले यंत्र महिनोन्महिने आच्छादनाखाली पडून राहू नये, म्हणून दर तीन महिन्यांनी येऊन दुरुस्ती करील असा भिलाईतील कोणी जाणकार. आणि संगणक कक्षाची एक किल्ली इंग्रजीच्या शिक्षिकेकडे.

याखेरीज एक मागणे आवाजाचे आहे. या शाळेतून गेलेले विद्यार्थी आज रायपूर, नागपूर, पुणे येथे आणि परदेशातही आहेत. त्यांचे इंग्रजी रोजच्या वापरातले आहे, आणि त्यांची मराठी येथील मुलांना आपली वाटणारी आहे. इंग्लंडमधील आज्यांपाशी पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. शनिवारी सकाळी वीस मिनिटे व्हिडिओ कॉलवर तिसरी-चौथीच्या सहा-सात मुलांना एक छोटे इंग्रजी पुस्तक वाचून दाखवायचे, एवढेच काम आहे. वाचताना चेहऱ्याऐवजी पुस्तकाचे पान कॅमेऱ्यासमोर धरावे आणि प्रत्येक शब्दाखालून बोट फिरवावे, म्हणजे मुलांचे डोळे आवाजाबरोबर चालतील. दुसऱ्यांदा वाचताना मध्येच थांबावे आणि पुढचा शब्द मुलांना वाचू द्यावा. चुकले तर पुन्हा तोच शब्द शांतपणे म्हणावा. शेवटची पाच मिनिटे मुलांनी मराठीत गोष्ट सांगायची आणि वाचणाऱ्याने ऐकायची. ज्यांना हे शक्य असेल त्यांनी आपले नाव, सोयीची वेळ आणि परदेशी असल्यास तेथील घड्याळातील अंतर सभागृहाच्या दाराशी ठेवलेल्या वहीत लिहून ठेवावे. पुस्तके शाळा पाठवील.